हात सोडून बसता येतंय का? मणक्याच्या दुखापतीनंतर बसण्याचा तोल कसा तपासावा

कडब्याच्या गंजीवरून घसरलेला, विहिरीच्या कामावर यारीवरून पडलेला, चिंचा झोडपताना फांदी मोडून खाली आलेला, रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळलेला. मराठवाड्यात मणक्याला मार लागलेला पेशंट आपल्या फिजिओंपर्यंत बहुतेक वेळा असाच येतो. ऑपरेशन झालेलं असतं, स्क्रू बसलेले असतात आणि नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मॅडम, चालंल का हो?" त्याचं उत्तर लगेच देता येत नाही. पण दुसऱ्या एका प्रश्नाचं उत्तर त्याच आठवड्यात शोधायला घेता येतं. हा माणूस हात न टेकता बसू शकतो का? आणि बसला, तर त्या मोकळ्या हातांनी काय करू शकतो?

फाइलमध्ये "सिटिंग बॅलन्स फेअर" (बसण्याचा तोल ठीकठाक) एवढं लिहून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे. मीही कित्येक वर्षं तेच लिहिलं. त्या दोन-तीन शब्दांवरून पुढच्या फिजिओला काही कळत नाही आणि घरच्यांना तर त्याहून काही कळत नाही. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एकट्यानं काम करणाऱ्या फिजिओंसाठी हे सविस्तर लिहिते आहे. घरच्यांनीही वाचावं. पेशंट पडू शकेल अशा चाचण्या त्यांनी आपल्या आपण करू नयेत, पण रोज डोळ्यांसमोर बसलेल्या माणसाकडे बघून टिपण ठेवायचं काम त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच जमत नाही.

बसवण्याआधी

आधी फाइल वाचा. सर्जननं बसवायची परवानगी दिली आहे का, ब्रेस घालूनच बसवायचं का, वाकणं-वळणं किती दिवस बंद आहे, हे लेखी नसेल तर फोन करून विचारा. ऑपरेशन ताजं असेल तर लांबवर हात नेण्याच्या आणि धक्का देण्याच्या चाचण्या सर्जन हो म्हणेपर्यंत करायच्या नाहीत.

मग लेव्हल, म्हणजे मज्जारज्जूला कोणत्या उंचीवर मार लागला ते. सी म्हणजे मानेचा भाग, डी म्हणजे छातीच्या मागचा. एमआरआयच्या रिपोर्टात 'डी-१०' असतं, आपल्या तपासणी तक्त्यात 'टी-१०' असतं, दोन्ही एकच. पण हाड जिथं मोडलं तीच मज्जारज्जूची लेव्हल असं धरून चालू नका. मज्जारज्जू पाठीच्या कण्यापेक्षा आखूड असतो, त्यामुळे डी-१२ चं हाड मोडलं तरी तिथं सापडलेला भाग कमरेच्या आणि त्याखालच्या नसांचा असू शकतो. टाचणी टोचून संवेदना आणि हातानं ताकद स्वतः तपासा. पोटाच्या स्नायूंना साधारण डी-६ ते डी-१२ मधून नसा येतात. त्यासाठी एक सोपी खूण आहे. पेशंटला उताणा झोपवून नुसतं डोकं उचलायला सांगा आणि बेंबीवर नजर ठेवा. पोटाचा वरचा भाग काम करतोय आणि खालचा नाही, असं असेल तर बेंबी छातीकडे वर सरकते. डी-१० च्या आसपासच्या पेशंटमध्ये हे स्पष्ट दिसतं, आणि पुढे त्याचं धड कसं वागणार याचा अंदाज तिथंच येतो.

कुल्ले आणि माकडहाडावरची कातडी बघा. जखम किंवा न मावळणारी लाली असेल तर त्या दिवशी बसण्याची चाचणी नको. लघवीची पिशवी रिकामी करा, नळी पिळली गेलेली नाही ना बघा. खुबा ९० अंशांत वाकतो का ते मोजा; वाकत नसेल तर पेशंट बसल्यावर मागे ओढला जातो आणि आपण उगाच तोल वाईट असं लिहून टाकतो. पाय उडत असतील, म्हणजे आपोआप झटके येऊन आखडत असतील, तर त्यावरची गोळी कधी घेतली ती वेळ टिपा, पुढच्या वेळी त्याच सुमारास तपासता येईल.

आणि आपल्याकडे उन्हाळा विसरून चालत नाही. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या दुखापतीत लेव्हलच्या खाली नीट घाम येत नाही, अंग तापत जातं. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत दुपारी घेतलेली चाचणी तोल दाखवत नाही, थकवा दाखवते. सकाळी आठ-नऊला तपासा.

उठवताना

झोपलेला असताना बीपी घ्या. मग पाठ ३० अंश, थोडं थांबून ६० अंश, मग पूर्ण. बसवल्यावर एका मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा बीपी. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला, डोळ्यांसमोर अंधारी आली, पेशंट जांभया द्यायला लागला, तर परत आडवं करा, पाय वर घ्या. पोटपट्टा आणि पायांना क्रेप बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करता येतो. मानेच्या दुखापतीत वरचा आकडा एरवीच ९० ते ११० असू शकतो, म्हणून त्याचा नेहमीचा आकडा माहीत पाहिजे.

डी-६ किंवा त्यावरच्या दुखापतीत उलटं संकटही येतं. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, मानेवर घाम फुटतो, बीपी नेहमीपेक्षा २० ते ४० नं चढतं. अशा वेळी आडवं करायचं नाही. बसलेलंच ठेवा, पाय खाली सोडा, पट्टे-कपडे सैल करा, लघवीची नळी अडली आहे का बघा, नंतर शौच तुंबलंय का, कुठं काही टोचतंय का. डॉक्टरांना लगेच बोलवा. ही इमर्जन्सी आहे, चाचणी तिथंच संपली.

मांडणी

पृष्ठभाग टणक हवा. स्पंजच्या गादीवर रुतून बसलेला माणूस स्थिर वाटतो, पण ती स्थिरता गादीची असते. मात्र नुसत्या शहाबादी फरशीवर किंवा लाकडावर, संवेदना नसलेल्या कुल्ल्यांवर, तासभर बसवणंही चूक. पातळ सतरंजीची घडी घाला, आणि दर १५ ते ३० मिनिटांनी कुल्ल्यांवरचं वजन उचलून द्या. बसण्याची उंची अशी की पाऊल पूर्ण टेकेल, गुडघा ९० अंशांत राहील, आणि गुडघ्याची लवण व कडा यांत साधारण ५ सेंटिमीटर जागा राहील. पाऊल लोंबकळत असेल तर खाली पाट द्या. ही सगळी मापं लिहून ठेवा. उंची दोन इंच बदलली की पुढच्या महिन्याचा आकडा मागच्याशी जुळवता येत नाही.

दोन माणसं लागतात, एक पुढे आणि एक मागे. हे मी एका चुकीतून शिकले. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी एकटीच स्टॉपवॉच घेऊन पेशंटच्या समोर उभी होते. डी-४ चा तरुण पोरगा, दोन्ही हात मांडीवर, सगळं छान चाललं होतं. तो माझ्याशी बोलता बोलता हसला आणि सरळ मागे गेला. मी पुढे असून काही उपयोग झाला नाही, त्याचं डोकं पलंगाच्या दांड्याला लागलं. सुदैवानं खोकीवरच निभावलं. पण पुढचे पंधरा दिवस तो हात सोडायला तयार नव्हता. पडण्याची भीती एकदा अंगात बसली की तीही तोलाच्या आकड्यात मोजली जाते.

आधी नुसतं बघा

सदरा काढून किंवा वर खोचून बसवा आणि मिनिटभर हात लावू नका. कंबर मागे कलून पाठीचा इंग्रजी 'सी' झालेला दिसेल. नवीन फिजिओ लगेच "सरळ बसा दादा" म्हणतात. घाई करू नका. पोटाचे स्नायू नसलेल्या माणसानं माकडहाडावर वजन टाकून, पाठ गोल करून शोधलेला तो तोल आहे. तो मोडलात तर माणूस पडतो. दीर्घकाळात त्यानं कातडीवर आणि पाठीवर ताण येतो हे खरंच आहे, पण ते उपचारात बघायचं. तपासणीत जे आहे ते लिहायचं.

खांदे कानाकडे चढलेत का? मानेच्या दोन्ही बाजूंचे आणि पाठीचे रुंद स्नायू तोल धरायला राबतायत. यातला पाठीचा रुंद स्नायू मोलाचा आहे. त्याची नस मानेतून येते आणि तो थेट कमरेच्या हाडापर्यंत जातो, म्हणून छातीच्या दुखापतीतही तो कमरेला वरून धरू शकतो. श्वास कसा चाललाय, एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतं का, वजन एका कुल्ल्यावर जास्त आहे का, हेही याच वेळी बघा.

हात टेकलेले असतील तर बोटं बघा. सी-६ च्या पेशंटची पकड मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, या जोरावर चालते. तो तळहात पसरून बोटं सरळ करून त्यावर वजन देत राहिला, तर बोटांचे दोर सैल पडतात आणि पेला धरण्याइतकी उरलेली पकडही जाते. बोटं मिटवूनच टेकवा. हे घरच्यांना हात धरून दाखवा, तोंडी सांगितलेलं राहत नाही. दंडाच्या मागचा स्नायू नसलेला पेशंट खांदा बाहेर वळवून कोपर मागे अडकवतो. ती त्याची युक्ती आहे, पण नोंद करा.

स्थिर तोलाची शिडी

आता एकेक पायरी चढायची. दोन्ही हात बाजूला टेकून, मग एकच हात टेकून, मग दोन्ही हात मांडीवर, मग दोन्ही हात छातीवर घडी घालून, आणि शेवटी दोन्ही हात समोर सरळ धरून. प्रत्येक पायरीला ३० सेकंद. जमलं तर पुढे, नाही जमलं तर किती सेकंदांनी आणि कोणत्या बाजूला गेला ते लिहा. "डावीकडे मागे, ११ सेकंद" ही नोंद 'फेअर'पेक्षा शंभर पटीनं उपयोगी आहे.

जी पायरी आरामात जमते ती डोळे मिटून पुन्हा घ्या. खालच्या अंगाची जाणीव नसल्यामुळे माणूस नजरेनं तोल धरत असतो. दिवसा झकास बसणारा मामा रात्री लाइट गेल्यावर बाजेच्या कडेवरून का पडला, याचं उत्तर बऱ्याचदा इथं सापडतं. पाय लांब करून बसण्याची चाचणी वेगळी घ्या. कपडे घालणं, नळी बदलणं त्याच बैठकीत होतं. त्यासाठी मांडीमागचे स्नायू बरेच सैल लागतात, उताणं झोपून सरळ पाय १०० अंशांच्या आसपास उचलता आला पाहिजे. पण ते स्नायू पूर्ण सैलही करू नका. त्यांचा थोडा ताणच कंबर धरून ठेवतो.

हात किती लांब जातो

बसून हात पुढे नेण्याची ही चाचणी मणक्याच्या पेशंटसाठी १९९८ साली मांडली गेली आणि आजही तालुक्याच्या दवाखान्यात सहज करता येईल अशी तीच आहे. शिलाईची टेप पुरते. भिंतीवर पेशंटच्या खांद्याच्या उंचीला टेप आडवी चिकटवा. पेशंट भिंतीला बाजू करून, पाठ किंचित मागे कललेल्या टेकूला लावून बसेल. भिंतीकडचा हात समोर ९० अंशांत. मोजायचं ते बोटाच्या टोकापासून नव्हे, मनगटाच्या करंगळीकडच्या उंचवट्याच्या हाडापासून, कारण मानेच्या पेशंटला मूठ वळता येत नाही आणि बोटं दर वेळी वेगळी राहतात. दुसरा हात तोल सावरायला हवेत चालेल, पण टेकायचा नाही, वजन द्यायचं नाही.

"जमंल तेवढं पुढं जा आणि परत मागं या," एवढंच सांगा. परत येणं महत्त्वाचं. पुढे गेला आणि हात टेकून परत आला, तर तो प्रयत्न धरायचा नाही, वेगळा लिहायचा. दोनदा सराव, मग तीनदा मोजणी, तिघांची सरासरी. मग तसंच दोन्ही बाजूंना.

त्या मूळ अभ्यासात ३० पुरुष होते. मानेची सी-५, सी-६ दुखापत असलेले आणि छातीच्या वरच्या भागाची डी-१ ते डी-४ असलेले, या दोन गटांत फारसा फरक निघाला नाही. डी-१० ते डी-१२ वाले मात्र स्पष्ट लांब पोचले. म्हणजे हात चांगला असणं वेगळं आणि धड सोबत असणं वेगळं. आकडा शेजारच्या पलंगावरच्या पेशंटशी ताडू नका. हाताची लांबी, पोटाचा घेर, वय सगळं वेगळं असतं. ज्याचा त्याच्या मागच्या महिन्याच्या आकड्याशीच ताडायचा.

दोन्ही हात एकदम कामात

माझ्या मते सगळ्या तपासणीचा जीव इथं आहे. टी-शर्ट चाचणी घ्या. टेकू नाही, टी-शर्ट हातात द्यायचा, घालायचा आणि काढायचा, सेकंद मोजायचे. डोकं कापडात असताना नजर बंद होते आणि दोन्ही हात वर अडकतात, त्या दोन-तीन सेकंदांत तोलाची खरी परीक्षा होते. दर वेळी तोच टी-शर्ट वापरा.

त्यानंतर पेशंटचं रोजचं काम मांडा. परभणीकडची एक मावशी माझ्याकडे यायची, डी-१० ची दुखापत. प्लिंथवर (तपासणीच्या टणक पलंगावर) हात छातीवर घडी घालून दोन मिनिटं बसायची, हात पुढे न्यायची चाचणीही बरी. मी खूश होते. तिला विचारलं, घरी काय अडतं? म्हणाली, "भाकरी थापायला बसले की मी काठवटीत पडायलेय." मी पुढच्या वेळी परात आणि ज्वारीचं पीठ आणायला सांगितलं. पीठ मळताना दोन्ही तळव्यांचा जोर पुढे आणि खाली. दर दाबाला तिचं धड हातांच्या मागोमाग जात होतं, आणि पाचव्या-सहाव्या दाबाला कपाळ परातीच्या काठाला टेकलं. हात टेकलेले होते, पण ज्यावर टेकले ते पीठ सरकत होतं. आमच्या एकाही चाचणीत हे दिसलं नव्हतं. मग आम्ही तिची बैठक भिंतीच्या कोपऱ्यात घेतली, छातीला रुंद पट्टा दिला, परात उंच पाटावर ठेवली, खाली ओलं फडकं घातलं म्हणजे ती सरकणार नाही. चूल आणि मांडी यांतलं अंतरही मोजलं, कारण मांडीला चटका बसला तरी तिला कळत नाही.

पुरुषांना गुडघ्यावर रुमाल टाकून तंबाखू मळायला सांगून पाहिलं आहे, पोरांना दोन्ही हातांत मोबाइल धरून. डोक्याला रुमाल गुंडाळणं, तांब्यानं अंगावर पाणी घेणं, विळीवर बसून भाजी चिरणं. काम कोणतंही घ्या, तीन गोष्टी टिपा. एक हात मध्येच टेकायला गेला का, काम अर्धवट थांबवून तोल सावरावा लागला का, आणि किती वेळानं दमला.

धक्क्याची चाचणी सगळ्यात शेवटी, आणि मणका पक्का जुळल्याची खात्री असेल तरच. छातीच्या हाडावर, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि खांद्यावर बाजूनं, दोन बोटांनी हलका रेटा. आधी सांगून द्यायचा.

खुर्ची, बाज, ओटा

प्लिंथवरचा तोल घरी जसाच्या तसा जात नाही. व्हीलचेअरमध्ये पाठीच्या टेकूची उंची, गादीची हवा, पावलाची पट्टी यांवर सगळं बदलतं. खुर्चीत बसून खाली पडलेली किल्ली उचलायला सांगा. बघा, दुसरं कोपर मागच्या दांड्यात अडकवतो का; अडकवून जमत असेल तर ती शिकवायची गोष्ट आहे. बाजेच्या सुंभात किंवा नवारीत कंबर एका बाजूला खचते, ती बाजू लिहा. घरभेटीला गेलात तर ओट्यावर आणि संडासच्या खुर्चीवर बसलेलं बघितल्याशिवाय निघू नका. पडायच्या जागा बहुतेक याच असतात.

नोंद

एकाच कागदावर बसावी अशी. उदाहरणार्थ: "डी-८, पूर्ण. टणक पलंग, उंची ४४ सेंमी, पातळ सतरंजी, ब्रेस नाही. सकाळी ९. हात मांडीवर ३० सेकंद. हात छातीवर १२ सेकंद, उजवीकडे मागे. डोळे मिटून हात मांडीवर ६ सेकंद. पुढे १६ सेंमी, उजवीकडे ९, डावीकडे १३. टी-शर्ट ७४ सेकंद, दोनदा हात टेकला. काम: तांब्यानं पाणी, एका हातानं जमतं." पूर्ण गुणतालिका हवी असेल तर मुळात पक्षाघाताच्या पेशंटसाठी तयार झालेली 'फिस्ट' (फंक्शन इन सिटिंग टेस्ट, बसून करायच्या कामांची चाचणी) वापरता येते. १४ कामं, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ५६ गुण. गुणांशेजारी वरची वाक्यं मात्र सोडू नका.

लेव्हलवरून अपेक्षा ठेवताना जपून. पूर्ण दुखापतीत, म्हणजे खाली शेवटपर्यंत ना ताकद ना जाणीव उरलेली असते तेव्हा, डी-६ च्या वर हातांचा आधार बराच काळ लागतो, डी-१० च्या खाली हात लवकर सुटतात. अपूर्ण दुखापतीत यातलं काहीच खात्रीनं सांगता येत नाही. तिथं कागदावरची लेव्हल बाजूला ठेवून समोरचा माणूस बघायचा.

वॉर्डात असेपर्यंत आठवड्याला, मग दर भेटीला फेरतपासणी. आणि एक गोष्ट घरच्यांना कागदावर लिहून द्या. आधी बसत होता आणि आता चार-आठ दिवसांत तोल बिघडला, तर "आळस करायलाय" म्हणून सोडायचं नाही. लघवीत संसर्ग असू शकतो, कुठं जखम झालेली असू शकते, मांडीचं हाड दुखल्याशिवाय मोडलेलं असू शकतं; पाय अचानक जास्त उडायला लागणं ही यातल्या कशाचीही खूण असते. सुन्नपणा वर चढत असेल किंवा हाताची ताकद कमी होत असेल तर मज्जारज्जूत पाण्याची पोकळी तयार होत असण्याची शंका घेऊन एमआरआयसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवा. आणि सगळं ठीक असेल, तर खुर्चीतली गादी उलटी करून बघा. दोन वर्षं वापरलेला स्पंज मधोमध बसलेला असतो, आणि तोल तिथंच गेलेला असतो.